वाढीचा तक्ता आणि विजेची मोटार

बालरोगतज्ज्ञाच्या टेबलावर स्टेथोस्कोपच्या खालोखाल महत्त्वाची वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर मी वाढीचा तक्ता असे उत्तर देईन. जन्मतः तीन किलो वजनाचे निरोगी बाळ साधारण पाच महिन्यांत दुप्पट आणि वर्षाच्या आसपास तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात मात्र त्याचे वजन जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढते. म्हणजे पहिल्या वर्षी दोनशे टक्के असलेली वाढ दुसऱ्या वर्षी पंचवीस टक्क्यांवर येते. आई काळजीत पडते, आजी दृष्ट काढते, आणि आपण तक्त्यावर बोट ठेवून सांगतो की बाळाचे उत्तम चालले आहे. उलट एखादा प्रौढ गृहस्थ वर्षभरात तिप्पट वजनाचा झाला, तर त्याला तातडीने इस्पितळात दाखल करावे लागेल. टक्केवारी ही वयानुसार वाचायची असते, ही आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवलेली गोष्ट आहे.

विजेच्या मोटारींविषयी वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर जे काही गेली पाच-सहा वर्षे येत आहे, ते वाचताना हा तक्ता जवळ ठेवावा असे मला वाटते. आपल्या संस्थेतील निम्म्या मंडळींनी एव्हाना हिरव्या पाटीची गाडी घेतली आहे किंवा घेऊ की नको या विचारात आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांचे मत शेवटच्या वाचलेल्या मथळ्यावर ठरलेले असते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या माहितीतले उदाहरण घेऊ. टाटा मोटर्सची नेक्सॉन ही विजेवरची गाडी जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. २०२०-२१ या आर्थिक वर्षात या कंपनीच्या विजेच्या गाड्या सुमारे ४,२०० विकल्या गेल्या. पुढच्या वर्षी १९ हजार, त्याच्या पुढच्या वर्षी ५० हजार आणि २०२३-२४ मध्ये सुमारे ७४ हजार. टक्केवारी काढली तर पहिली वाढ साडेतीनशे टक्क्यांची, दुसरी एकशे साठच्या घरातली आणि तिसरी अठ्ठेचाळीस टक्क्यांची. पहिल्या वर्षी मथळे होते क्रांतीचे, तिसऱ्या वर्षी वेग मंदावल्याचे. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी पंधरा हजार गाड्यांची भर पडली होती आणि तिसऱ्या वर्षी चोवीस हजारांची. बाळ मोठे झाले होते, एवढेच.

२०२४-२५ मध्ये मात्र हा आकडा ६४ हजारांच्या आसपास आला. ही खरीखुरी घट. ती आजाराची आहे काय, हे पाहायचे तर घरातली इतर मुलेही तपासावी लागतात. त्याच वर्षात देशभरातील विजेच्या मोटारींची नोंदणी ९१ हजारांवरून एक लाख सात हजारांवर गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या एमजी विंडसरने मोठा वाटा उचलला, आणि टॅक्सी म्हणून जाणाऱ्या गाड्यांना केंद्राच्या ‘फेम’ योजनेतून मिळणारे अनुदान मार्च २०२४ मध्ये संपल्याने टाटांच्या त्या ग्राहकवर्गात खंड पडला. एका मुलाच्या ताटातले दुसऱ्याने खाल्ले, असा हा प्रकार. ‘विजेच्या गाड्यांकडे ग्राहकांची पाठ’ असा निष्कर्ष त्यातून काढणे म्हणजे एका रुग्णाच्या तापावरून साथ जाहीर करणे होय.

आता प्रौढाकडे पाहू. मारुती सुझुकीने त्याच वर्षात देशात पावणेअठरा लाखांच्या आसपास मोटारी विकल्या, निर्यात धरून एकूण बावीस लाखांहून अधिक. तिची वार्षिक वाढ दोन-चार टक्क्यांची असते म्हणून तिला कोणी मथळा देत नाही. पण मारुतीची दोन टक्के वाढ म्हणजेच पस्तीस हजार गाड्या. वाढीचा दर आणि वाढीचे आकारमान यांतील हा गोंधळ आपण औषधांच्या जाहिरातींत पुष्कळदा पाहिला आहे. धोका पन्नास टक्क्यांनी घटला असे सांगणारा प्रतिनिधी तो हजारात दोनावरून एकावर आला, हे सांगत नाही.

आकडा नेमका कशाचा?

दुसरा प्रश्न त्याहून मूलभूत आहे. ‘विक्री’ या एका शब्दाखाली किमान तीन वेगळ्या गोष्टी छापल्या जातात. पहिली आगाऊ नोंदणी, म्हणजे बुकिंग. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी महिंद्रने आपल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या चाकण येथे बनणाऱ्या दोन गाड्यांचे बुकिंग खुले केले आणि पहिल्याच दिवशी ३०,१७९ मागण्या नोंदवल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सर्वत्र तोच आकडा झळकला. त्या गाड्या ग्राहकांच्या दारात पोहोचायला मार्चपासून पुढे कित्येक महिने लागले. ही पद्धत आपल्याला नवी नाही. बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणारी पिढी अजून आपल्यात आहे. नंबर लावलेल्या प्रत्येकाने शेवटी स्कूटर घेतलीच असे नाही.

दुसरा आकडा कारखान्यातून विक्रेत्याकडे गेलेल्या गाड्यांचा. उत्पादकांची संघटना जाहीर करते तो हा. गाडी विक्रेत्याच्या आवारात धूळ खात उभी असली तरी ती यात ‘विकलेली’ असते. तिसरा आकडा परिवहन कार्यालयातील नोंदणीचा आणि तोच माझ्या मते सर्वांत विश्वासार्ह. २०२४-२५ मध्ये कारखान्यातून निघालेल्या प्रवासी गाड्या ४३ लाख होत्या, तर नोंदणी झालेल्या सुमारे साडेएक्केचाळीस लाख.

हा फरक का पडतो? विक्रेत्यांकडील साठा हे एक कारण, पण दुसरे कारण आपल्या अगदी जवळचे आहे. केंद्र सरकारच्या ‘वाहन’ या संगणकीय नोंदवहीतून हे आकडे घेतले जातात आणि तेलंगण राज्याने आपली स्वतंत्र प्रणाली ठेवल्यामुळे आपल्या राज्यातील नोंदणी अनेक वर्षे त्यात नव्हतीच. विक्रेत्यांच्या संघटनेच्या पत्रकात तळाशी बारीक अक्षरांत तशी टीप असे. वर्तमानपत्रात येईपर्यंत टीप गळून पडे आणि ‘देशातील विक्री’ तेवढी उरे. हैदराबादसारखे शहर ज्यात धरलेले नाही अशा नमुन्याला आपण शोधनिबंधात काय म्हणू, हे डॉक्टरांना सांगण्याची गरज नाही.

त्यातून गंमत अशी की याच काळात तेलंगणाने विजेच्या वाहनांसाठी देशातील एक अत्यंत उदार सवलत दिली. २०२० च्या धोरणात पहिल्या पाच हजार मोटारींपुरतीच करमाफी होती. १८ नोव्हेंबर २०२४ पासून संख्येची अट काढून टाकण्यात आली आणि ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत नोंदणी होणाऱ्या वाहनांना रस्ताकर व नोंदणीशुल्क पूर्ण माफ करण्यात आले. आपल्याकडे पेट्रोलच्या मोटारीवर हा कर किमतीच्या तेरा टक्क्यांपासून वर चढत जातो, हे लक्षात घेतले तर पंधरा लाखांच्या गाडीवर दोन लाखांहून अधिक वाचतात. जुबिली हिल्सपासून उप्पलपर्यंत हिरव्या पाट्या का वाढल्या याचे उत्तर त्यात बऱ्याच अंशी आहे. अशी मुदतीची सवलत विक्रीच्या आलेखात एक उंचवटा निर्माण करते आणि मुदत सरताच खड्डा. अमेरिकेत साडेसात हजार डॉलरची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली, तेव्हा आधीच्या तिमाहीत झुंबड आणि नंतरच्या तिमाहीत शुकशुकाट, असे तंतोतंत घडले. दोन्ही वेळा बातम्या आल्या, एकदा विजयाच्या आणि एकदा पराभवाच्या.

नवे पाहुणे आणि जुनी घराणी

जागतिक पातळीवर या गोंधळाचा कळस म्हणजे १ जुलै २०२० हा दिवस. त्या दिवशी टेस्ला कंपनीचे शेअर बाजारातील मूल्य टोयोटापेक्षा अधिक झाले. २०१९ मध्ये टेस्लाने ३ लाख ६७ हजार गाड्या विकल्या होत्या, टोयोटा समूहाने एक कोटी सात लाख. बाजाराने केली ती भविष्याविषयीची पैज होती. बातम्यांनी ती निकाल म्हणून सांगितली. पुढे टेस्लाची वाढ झाली हे निर्विवाद. २०२३ मध्ये तिने अठरा लाखांचा टप्पा ओलांडला. परंतु २०२४ मध्ये प्रथमच वार्षिक विक्री घटून १७ लाख ८९ हजार झाली आणि २०२५ मध्ये आणखी घटून १६ लाख ४० हजारांच्या आसपास आली. त्या वर्षी निव्वळ विजेच्या गाड्यांत तिला मागे टाकले ते चीनच्या बीवायडीने, सुमारे साडेबावीस लाख गाड्या विकून. टोयोटा समूह मात्र २०२४ मध्येही एक कोटी आठ लाखांवर शांतपणे उभा होता.

एकाच नामवंत कंपनीकडे पाहून साऱ्या क्षेत्राचे निदान करण्याची सवय किती फसवी आहे, हे याच काळात दिसले. टेस्ला घसरली आणि ‘विजेच्या गाड्यांची मंदी’ आली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ मध्ये जगात एक कोटी सत्तर लाखांहून अधिक विजेच्या मोटारी (यात पेट्रोल व वीज दोन्हींवर चालणाऱ्या, पण प्लग लावून भारित करता येणाऱ्या गाड्याही आल्या) विकल्या गेल्या, म्हणजे नव्या मोटारींतील पाचांमागे एक. आदल्या वर्षापेक्षा पडलेली भर पस्तीस लाखांची होती. २०२० साली साऱ्या जगात मिळून एवढ्या गाड्या विकल्या गेल्या नव्हत्या.

टेस्ला भारतात आली ती १५ जुलै २०२५ रोजी, वांद्रे-कुर्ला संकुलात. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री उद्घाटनाला होते, वाहिन्यांनी दिवसभर प्रक्षेपण केले. गाडीची किंमत साठ लाखांच्या घरात. वर्ष संपेपर्यंत रस्त्यावर आलेल्या गाड्यांची संख्या शेकड्यांतच राहिली. याच महिन्यांत विंडसर दरमहा हजारांनी विकली जात होती आणि तिची बातमी व्यापारपानाच्या कोपऱ्यात होती. आपल्या शहरानेही असा उत्सव अनुभवला. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागरच्या काठी विजेच्या मोटारींची फॉर्म्युला ई शर्यत झाली, देशातील पहिलीच. रस्ते बंद झाले, गाड्या सुसाट धावल्या, छायाचित्रे जगभर गेली. पुढच्या वर्षीची शर्यत रद्द झाली आणि नंतर उरले ते राजकारण.

दुचाकीच्या क्षेत्रातील कथा मराठी माणसाला अधिक जिव्हाळ्याची वाटावी. पुण्याच्या बजाज कंपनीची चेतक स्कूटर १९७२ ची. जानेवारी २०२० मध्ये तिने त्याच नावाने विजेवरची स्कूटर पुणे व बेंगळुरू येथे विक्रीस ठेवली. त्यानंतर दीड वर्षाने ओला इलेक्ट्रिकने चारशे नव्व्याण्णव रुपयांत बुकिंग खुले केले आणि चोवीस तासांत एक लाख मागण्या मिळाल्याचे जाहीर केले. जुन्या कंपन्यांचे मृत्युलेख तेव्हापासूनच लिहिले जाऊ लागले. एप्रिल २०२४ मध्ये विजेच्या स्कूटरच्या बाजारात ओलाचा वाटा निम्म्याहून अधिक होता, तेव्हा ते लेख खरे ठरणार असे वाटलेही. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात नोंदणीत बजाज पहिल्या क्रमांकावर आली, पुढे टीव्हीएस, आणि २०२५ संपता संपता ओला चौथ्या-पाचव्या स्थानी गेली. माझ्या मते यात आश्चर्य काही नाही. वाहन विकणे ही निम्मीच गोष्ट. ते बिघडल्यावर तालुक्याच्या गावी कोण उघडून पाहणार, हा प्रश्न जुन्या घराण्यांनी पन्नास वर्षे सोडवत आणला आहे. शल्यक्रिया एका दिवसाची असते, शुश्रूषा महिनाभराची.

अर्थात जुने म्हणजे शहाणे असा याचा अर्थ नव्हे. देशातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने आपली पहिली विजेची गाडी गुजरातेतील हंसलपूरच्या कारखान्यातून बाहेर काढली ती ऑगस्ट २०२५ मध्ये. त्याच्या चोवीस वर्षे आधी, २००१ साली, बेंगळुरूच्या चेतन मैनी यांची चिमुकली रेवा भारतीय रस्त्यांवर धावू लागली होती. तिच्यावर देशविदेशांत भरभरून लिहिले गेले, लंडनच्या रस्त्यांवरही ती दिसली, पण विक्री काही हजारांपलीकडे गेली नाही आणि २०१० मध्ये ती कंपनी महिंद्रने घेतली. वेळेआधी जन्मलेली बाळे जगवायची तर अतिदक्षता कक्ष लागतो. २००१ च्या भारतात तो नव्हता.

आगीची बातमी

सवलत, विक्री, शेअर यांपेक्षा सामान्य माणसाच्या मनावर परिणाम करते ती आगीची बातमी. १२ सप्टेंबर २०२२ च्या रात्री सिकंदराबादेत एका लॉजच्या खाली असलेल्या विजेच्या स्कूटरच्या दालनात आग लागली, धूर जिन्याच्या वाटेने वर चढला आणि आठ जणांचा बळी गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात भर रस्त्यात जळणाऱ्या स्कूटरची चित्रफीत घरोघर पोहोचली होती. या घटना गंभीर होत्या आणि त्यांच्यावर गाजावाजा झाला हे चांगलेच झाले, कारण त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक होऊन डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. येथे प्रसारमाध्यमांनी आपले काम केले, असे म्हटले पाहिजे.

परंतु विजेच्या गाड्या अधिक पेटतात, हे त्यातून सिद्ध होत नाही. पेट्रोलची गाडी पेटली तर ती स्थानिक पानावर दोन ओळींची बातमी असते. स्वीडनसारख्या देशांनी ठेवलेल्या नोंदींत विजेच्या गाड्यांत आगीचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच कमी आढळले आहे. त्यातही आपण सावध राहावे, कारण विजेच्या गाड्या बहुशः नव्या असतात आणि जुन्या गाड्या अधिक पेटतात. वयाचा हा घटक वेगळा काढल्याशिवाय तुलना पुरी होत नाही. लिथियम बॅटरीची आग विझवायला कठीण आणि तिचा धूर विषारी, हे मात्र खरे. सिकंदराबादेत घात केला तो बंदिस्त जागेतील धुराने. ज्यांच्या सोसायटीत तळघरात जिन्यालगत स्कूटर भारित केल्या जातात, त्यांनी पुढच्या सभेत हा विषय काढावा.

ज्यांची बातमी होत नाही

आता मी माझ्या खऱ्या विषयाकडे येतो. मुलांच्या फुप्फुसांच्या दृष्टीने साठ लाखांच्या मोटारीला फारसे महत्त्व नाही. शाळेच्या फाटकाशी उभी असलेली रिक्षा, तिच्यामागची बस आणि दुचाकींची गर्दी, यांच्या धुराड्यांची उंची आणि सहा वर्षांच्या मुलाच्या नाकाची उंची यांत फारसे अंतर नसते. या वाहनांत काय चालले आहे ते पाहावे. २०२४-२५ मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या तीनचाकी वाहनांपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे सात लाख, विजेवरची होती. तीनचाकींच्या या बाजारात भारत जगात पहिला आहे. मोटारींत जेमतेम अडीच टक्के, दुचाकींत सहा टक्के आणि तीनचाकींत पन्नासच्या वर, असे असताना वर्तमानपत्रांतील जागेचे वाटप नेमके उलटे आहे. जहिराबादवरून आपण सोलापूर-पुण्याकडे जाता-येता जो महिंद्रचा कारखाना पाहतो, आणि ज्याचे मूळ हैदराबाद ऑल्विनच्या निस्सान ट्रकच्या उपक्रमात आहे, तेथे विजेच्या रिक्षाही बनतात, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल? तद्वतच २०१९ मध्ये पुण्यात धावू लागलेल्या विजेच्या बसगाड्या हैदराबादच्या कंपनीने पुरवल्या होत्या आणि त्याच वर्षी तशाच चाळीस बस आपल्या विमानतळाच्या पुष्पक सेवेत आल्या.

याने आरोग्यात फरक पडतो काय? कॅलिफोर्नियात २०१३ ते २०१९ या काळाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना आढळले की दर हजार लोकसंख्येमागे धूररहित गाड्या वीसने वाढल्या की त्या भागात दम्यासाठी तातडीच्या विभागात येणाऱ्यांचे प्रमाण ३.२ टक्क्यांनी घटते. हा समूहपातळीवरचा अभ्यास आहे आणि त्याला जेवढे वजन द्यायचे तेवढेच द्यावे. त्याहून भक्कम पुरावा २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला होता. दक्षिण कॅलिफोर्नियातील हवा जसजशी स्वच्छ झाली, तसतसे पंधराव्या वर्षी फुप्फुसांची क्षमता लक्षणीय कमी असलेल्या मुलांचे प्रमाण ७.९ टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर उतरले. ध्यानात घ्यायचे ते हे की ही सुधारणा बहुतांशी विजेच्या गाड्यांच्या आधीची आहे, इंधन आणि इंजिने यांच्यावरील कडक नियमांची. आपल्याकडे १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज ६ चे इंधन देशभर लागू झाले आणि गंधकाचे प्रमाण दशलक्षांत पन्नासवरून दहावर आले. पारंपरिक कंपन्यांनी आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांनी उचललेले हे पाऊल टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात बातम्यांखाली गाडले गेले. आणि विजेच्या गाडीचा धूर नाहीसा होत नाही, काही अंशी स्थलांतरित होतो, हेही सांगायला हवे. देशातील वीज अद्याप बहुतांशी कोळशाची आहे आणि रामगुंडम, चंद्रपूर येथेही मुले राहतात.

या सर्वांत माझ्या चिंतेचा विषय शिसे हा आहे. पेट्रोलमधील शिसे आपल्या देशात २००० साली बंद झाले. वाहनक्षेत्रातून बालआरोग्याला मिळालेली ती बहुधा सर्वांत मोठी देणगी होती. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी अंदाज बांधला की तरीही भारतातील साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरला पाच मायक्रोग्रॅमहून अधिक आहे. त्याच्या प्रमुख कारणांत जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसे वितळवण्याचा असंघटित धंदा आहे. मोटारींच्या आणि चांगल्या रिक्षांच्या बॅटऱ्या लिथियमच्या असतात, परंतु उत्तर भारतातील लक्षावधी स्वस्त ई-रिक्षा शिशाच्या बॅटऱ्यांवर चालतात आणि त्या वर्ष-दीड वर्षात बदलाव्या लागतात. ऑगस्ट २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, भट्ट्या मात्र वस्त्यांच्या कडेला अजून पेटतात. ज्या सात लाखांचा मी वर कौतुकाने उल्लेख केला, त्यांतील पुष्कळ या वर्गातल्या आहेत. आपल्या शहरात ई-रिक्षा तुलनेने थोड्या असल्या तरी घरोघरच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या त्याच भट्टीत जातात.

बालरुग्ण तपासणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना म्हणून एक सुचवावेसे वाटते. लोह देऊनही न सुधारणारा पांडुरोग, वारंवार पोटदुखी, अभ्यासात अकारण मागे पडणे, चिडखोरपणा, अशी तक्रार घेऊन मूल आले तर वडिलांचा व्यवसाय विचारावा. घरात, गल्लीत किंवा शाळेच्या वाटेवर बॅटऱ्या उघडण्याचे अथवा भंगाराचे काम चालते काय, हे विचारावे. आणि उत्तर होकारार्थी आले तर रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. लोहाची कमतरता असलेल्या मुलाच्या आतड्यातून शिसे अधिक शोषले जाते, त्यामुळे दोन्ही एकत्र आढळणे नेहमीचे आहे. वडील भट्टीवर काम करत असतील तर कामाचे कपडे घरी न आणता तिथेच बदलण्यास आणि मुलाला जवळ घेण्यापूर्वी आंघोळ करण्यास सांगावे. यासाठी काही खर्च येत नाही.